कागदाच्या जाडीची कडी

११ जानेवारी

चिमटू,

अर्धा आशीर्वाद आत्ता घे, उरलेला काम झाल्यावर. फोन करत नाही, कारण फोनवर तू नुसतं 'हो हो' करतोस आणि ठेवल्यावर विसरतोस. कागदावर लिहिलं की निदान तुझ्या लेन्सदुरुस्तीच्या बाकावर पडून तरी राहतं.

सोबतच्या खोक्यात माझा कॅमेरा आहे. हो, तोच. सतरा वर्षं कपाटात मफलरमध्ये गुंडाळून ठेवलेला. दचकू नकोस, म्हातारीला चळ लागलेला नाही. आमच्या वर्तमानपत्राची नवी संपादक, म्हणजे जुन्या संपादकांची मुलगी, परवा घरी आली होती. ग्रंथालयाच्या जिन्यालगतची भिंत तिला मिळाली आहे. आयुष्यभर हातांनी काम केलेल्या बारा माणसांचे बारा फोटो तिथे लावायचे आणि ते मी काढायचे, असं तिच्या डोक्यात आहे. मी म्हटलं, अगं बाई, माझे डोळे गेले म्हणून तर तुझ्या बापाने मला फोटोखालच्या ओळी लिहायला बसवलं. ती म्हणते, "ते बाबांचं मत." नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले. जुलैपर्यंत मुदत आहे.

आता अडचण ऐक. कॅमेऱ्यावरची ती मोठी लेन्स, आपला गोळा, मला पेलवत नाही. उजव्या मनगटाची नस दबली आहे. चहाची किटलीसुद्धा दोन हातांनी धरते. तेव्हा मला छोटी, हलकी लेन्स हवी, लिंबाएवढी. आणि दुसरी अट जास्त महत्त्वाची. अशी लेन्स दे की फोकस करावाच लागू नये. एकदा अंतर लावून ठेवलं की जवळचं-लांबचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट आलं पाहिजे. फोकससाठी कॅमेऱ्याच्या खिडकीतल्या त्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून बसवायचं काम मी आता या डोळ्यांवर सोपवणार नाही. एकदा हात पोळलेत.

गोळाही पाठवतेय. त्याचं काय करायचं ते तू बघ, मला नजरेसमोर नको.

पहिला फोटो कोणाचा, तेही ठरवलंय. आमचा डार्करूमवाला. जन्मभर अंधारात राहिला म्हणून सगळे त्याला वाघूळ म्हणायचे. माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि सतरा वर्षं माझ्याशी बोलत नाही. त्याचा फोटो काढल्याशिवाय बाकीचे अकरा काढायला मला तोंड नाही. का, ते विचारू नकोस. जुनी गोष्ट आहे.

आत्या

---

२४ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. खोकं पोचलं. कॅमेरा उत्तम आहे, नुसती धूळ होती. मफलर परत पाठवतोय, त्याला कसर लागली आहे.

तीन लेन्स काढून ठेवल्यात. तराजूवर घातल्या. तिन्ही मिळून गोळ्यापेक्षा हलक्या भरल्या.

पहिली अठ्ठावीस मिलिमीटरची. बिस्किटाएवढी चपटी. तू म्हणतेस तसं हिला फारसा फोकस लागत नाही. पण भोक बारीक, उजेड कमी घेते. घरात बसलेल्या माणसाचा फोटो काढशील तर हात हललाच म्हणून समज. शिवाय चेहऱ्याच्या फार जवळ जावं लागेल, आणि नाक भलतंच मोठं दिसेल.

दुसरी पस्तीसची. लिंबाएवढी म्हणालीस ना, हीच ती. सगळं थोडं थोडं जमतं हिला.

तिसरी पन्नासची. ही दुर्बिणीसारखी आत ढकलता येते, खिशात मावते. फोटो काढायच्या आधी बाहेर ओढून, फिरवून घट्ट करायची. ओढायची विसरलीस तर सगळं रीळ धूसर, आणि बघताना पत्तासुद्धा लागणार नाही. तुझ्यासारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. हे मला तूच शिकवलंस, मी दहा वर्षांचा असताना.

माझं ऐकशील तर पन्नासची घे. चेहऱ्यांसाठी हिच्यासारखी नाही. फोकस करावा लागेल, पण तुला जमेल. आत्या, वय झालं की कधीकधी लांबचं दिसायला सुधारतं म्हणे. एक रीळ काढून तर बघ. गोळाही मी उघडून साफ केलाय. वाटलं तर तोही टेबलावर टेकवून एकदा वापरून बघ.

तुझा
चिमटू

---

३ फेब्रुवारी

चिमटू,

म्हातारपणी डोळे सुधारतात हे कुठल्या वैद्याने सांगितलं तुला? पत्ता दे, मी रांग लावते.

तुझी दया मला कळते हो. लहानपणापासून तू असाच. पत्त्यांत मुद्दाम हरायचास आणि आत्या जिंकली म्हणून टाळ्या वाजवायचास. पण इथे खेळ नाही. माणसं माझ्यासमोर येऊन बसणार आणि मी त्यांना परत धूसर करून ठेवणार? अठ्ठावीसचीच पाठव. नाक मोठं आलं तर येऊ दे, दिसेल तरी.

तुला ती बोगद्याची गोष्ट अर्धवटच माहीत आहे. तीन दिवस ढिगाऱ्याखाली अडकलेले चार मजूर बाहेर काढले, त्यातला शेवटचा म्हातारा. त्याला पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं होतं. उजेड जेमतेम. मी भोक पूर्ण उघडलं, त्याच्या डोळ्यांवर दोन प्रतिमा जुळवल्या, जीव ओतून जुळवल्या. तीन दिवसांनी उजेड बघणारे डोळे रे ते. रीळ धुऊन आलं तर डोळ्यांच्या जागी दोन डाग. आणि मागे भिंतीला टांगलेला दोर मात्र असा लख्ख की पीळ मोजून घ्यावेत. दुसऱ्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर म्हाताऱ्याचा फोटो छापला. आमचा आत, तळाशी, तिकिटाएवढा.

पुढच्या दोन-तीन कामांत तेच. उन्हातले बरे, घरातले गेलेले. संपादक म्हणाले, "बाई, डोळे तपासा." तपासले. डॉक्टर म्हणाला, काही झालेलं नाही. मी म्हटलं, याला काय कळतंय! भिंतीवरची अक्षरं वाचणं वेगळं आणि फोकस वेगळा. त्यानंतर कॅमेरा कपाटात गेला तो गेलाच.

आणि वाघूळ? त्या फोटोपायी त्याचं ठाण हललं. प्रिंट बिघडवली असा ठपका आला त्याच्यावर. डार्करूममधून उचलला आणि पार्सलच्या खोलीत टाकला. ज्या माणसाला नुसत्या बोटांनी कागदाची बाजू कळायची, तो निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं सुतळीने गठ्ठे बांधत होता.

तर आता मला डोळ्यांचं शिकवू नकोस. लेन्स पाठव.

आत्या

---

१२ फेब्रुवारी

ती. आत्या,

अठ्ठावीसची पाठवत नाहीये. का, ते सांगतो. उभ्याने वाचत असशील तर बस.

तुझे डोळे गेले नव्हते. कधीच गेले नव्हते. चूक माझी होती.

बोगद्याच्या आदल्या आठवड्यात तू गोळा आमच्या दुकानात साफ करायला दिला होतास. मला काम शिकवणारे उस्ताद गावाला गेले होते. मी येईपर्यंत एकही लेन्स उघडायची नाही, असं बजावून गेले होते. पण आत्याचं काम, करूनच दाखवतो, असं माझ्या डोक्यात शिरलं. चोवीस वर्षांचा होतो. उघडली, पुसली, परत बसवली. आतली काच आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये एक पितळी कडी असते, कागदाच्या जाडीची. काच फिल्मपासून नेमकी किती लांब राहायची, ते ती कडी ठरवते. ती बसवायची राहिली. काच केसभर मागे सरकली. तू खिडकीत दोन प्रतिमा अगदी बरोबर जुळवत होतीस आणि लेन्स बघत होती हातभर मागे. उन्हात भोक बारीक असतं, तेव्हा एवढी चूक झाकली जाते. शेडमध्ये तू ते पूर्ण उघडलंस.

कडी मला सापडली तुझा फोटो छापून आला त्याच दिवशी. ग्रीसच्या डबीच्या बुडाला चिकटली होती. बघितल्याबरोबर कळलं. उस्तादांचा नियम होता, ज्याने भाग हरवला त्याने बाकावरून उठायचं, परत बसायचं नाही. म्हटलं, ते आले की सांगू. मग म्हटलं, तुला आधी सांगू. आणि मग तू घरी आलीस आणि बाबांना म्हणालीस, "दादा, माझे डोळे गेले." मी दाराआड उभा होतो. तिथूनच मागे फिरलो. त्यानंतर रोज ते सांगणं जास्त जास्त जड होत गेलं.

पुढे दोनदा मी तुझ्याकडे गोळा मागितला होता, आठवतंय? गुपचूप कडी बसवून टाकणार होतो. तू म्हणालीस, "आता त्याचं काय लोणचं घालायचंय?" मला सुटल्यासारखं वाटलं. हेही सांगतो, कारण आता काही ठेवायचं नाही.

या खेपेला गोळा आला त्याच दिवशी कडी बसवली. इतकी वर्षं फिल्मच्या डबीत जपून ठेवली होती. मोजून बघितलं, फोकस जिथल्या तिथे. मग तुला ते 'लांबचं सुधारतं' पत्र लिहिलं. म्हणजे इतक्या वर्षांनीही मी चोरवाटेनेच निघायला बघत होतो. पण वाघूळकाकांचं मला माहीत नव्हतं गं. देवाशपथ माहीत नव्हतं. माझ्या कडीपायी दुसऱ्या माणसाला संपादकांनी शिक्षा केली आणि मी इथे लोकांकडून 'हाताला काय सफाई आहे' म्हणून शाबासकी घेत बसलो.

माफ कर असं लिहायची माझी लायकी नाही. कॅमेरा परत पाठवतोय, पन्नासची आणि पस्तीसची दोन्ही सोबत ठेवल्यात. तुझे डोळे चांगले आहेत, आत्या.

चिमटू

---

८ मार्च

ती. आत्या,

चोवीस दिवस झाले. फोन केला तर तू उचलत नाहीस. शेजारच्या शिंपीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या तब्येत बरी आहे, रोज फिरायला जातात. काहीतरी लिही. शिव्या तरी दे.

चिमटू

---

२ एप्रिल

शिव्या द्यायलाच बसले होते. चार कागद फाडले. पाचवा हा.

तू काय केलंस ते तुला कळलंय का? चोपन्न वर्षांची होते मी. अजून दहा वर्षं सहज काम केलं असतं. भाजी घेताना वजनकाट्याचा आकडा दोनदा विचारायचे. रस्ता ओलांडताना अनोळखी माणसाचा हात धरायचे. धडधाकट डोळे घेऊन सतरा वर्षं आंधळ्यासारखी वागले! आणि तू दर वर्षी यायचास, पाया पडायचास, खोबरेल तेलाची बाटली आणायचास. म्हणायचास, "आत्या, डोळ्यांना थंड असतं." त्या बाटल्या मी आज फेकून दिल्या.

तुला घराबाहेर काढावं, नातं तोडावं, असं महिनाभर घोकत होते. पण ते घोकताना मध्येच वाघूळ आडवा यायचा. म्हणून आता माझं ऐक. तू लिहिलंस, वाघुळाला संपादकांनी शिक्षा केली. मीही तसंच लिहिलं होतं, 'ठपका आला' म्हणून. ठपका काय पावसासारखा वरून पडतो? ठपका मी ठेवला.

संपादकांनी म्हाताऱ्याचा फोटो टेबलावर आपटला आणि विचारलं, हे काय? माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बरोबर काढला होता, प्रिंट घाईत केली असेल." बस, एवढंच वाक्य. वाघुळाला बोलावलं. तो निगेटिव्ह घेऊन आला, भिंगाखाली धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, प्रिंट नाही बिघडली. तुमचा डोळाही नाही चुकला. डोळा चुकला तर कधी पुढे चुकतो, कधी मागे. इथे रिळातल्या छत्तीसच्या छत्तीस वेळा सारखंच मागे गेलंय. हे लेन्सचं आहे. लेन्स दाखवून घ्या."

ऐकतोयस ना? त्याने ओळखलं होतं. तुझी कडी त्याने न बघता ओळखली होती. आणि मी काय म्हणाले असेन? "स्वतःचं झाकायला माझ्या लेन्सला बोल लावू नका. ती माझ्या घरच्या माणसाने साफ केली आहे."

घरच्या माणसाने! तुझ्या जिवावर बोलले ते.

पुढे बाकीचे फोटोही गेले तेव्हा मला कळलं की प्रिंटचा दोष नव्हता. तेव्हा तरी संपादकांकडे जाऊन सांगायचं होतं. नाही गेले. स्वतःच्या डोळ्यांचं दुःख कुरवाळत बसले. ते दुःख मोठं करून ठेवलं की त्याच्याकडे बघावं लागत नव्हतं. तू दाराआड होतास, मी डोळ्यांआड. एका माळेचे मणी आपण दोघं.

गोळा उघड आणि ती कडी परत बाहेर काढ. पोस्टाने नको. हातात घेऊन ये. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे. मी बरोबर येते. एकटं जायचं धैर्य मलाही नाही.

आत्या

---

२४ एप्रिल

ती. आत्या,

नीट पोचलो. गाडीत बसल्यापासून तोच प्रसंग डोळ्यांपुढे येतोय.

मी पाठ करून आलेलं सगळं विसरलो. नुसतं, "काका, ही कडी मी बसवायला विसरलो होतो, आणि नंतर बोललो नाही," एवढंच जमलं. त्यांनी ती नखावर घेतली, खिडकीच्या उजेडात धरली. "किती जाडी?" "कागदाएवढी." "हं." मग तू बोललीस. तू हात जोडलेस तेव्हा मला खाली बघावं लागलं. आणि ते म्हणाले, "चहा घ्या." चहात साखर घालायची विसरले होते, आपण दोघांनी तसाच प्यायला. कडी त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली.

त्यांनी माफ केलं का गं? मला काहीच कळलं नाही. तुला काही म्हणाले का नंतर?

चिमटू

---

१९ मे

चिमटू,

माफ केलं का, ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. आपण विचारलं की बिचाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

तीन आठवडे तो फिरकला नाही. मग मागच्या सोमवारी सकाळी दारात उभा. म्हणाला, "फोटो काढायचाय म्हणालात." घरात यायला तयार नाही. अंगणातल्या बाकड्यावर, झाडाच्या सावलीत बसला. मी तुझी पन्नासची लावली. काय सुरेख वजन आहे रे, मनगटाला कळलंसुद्धा नाही. खिडकीत त्याच्या डोळ्याच्या दोन प्रतिमा दिसल्या. नीट जुळवल्या. अख्खं रीळ काढलं. तो म्हणाला, "मी धुतो. दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही." मी कशी नाही म्हणणार होते!

दुसऱ्या दिवशी ओली निगेटिव्ह चिमट्याला लटकवून आला. दारातूनच म्हणाला, "सगळे गेले."

त्याने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "लेन्स आत राहिली होती. बाहेर ओढलीच नाही तुम्ही."

आणि चिमटू, तुला खोटं वाटेल. माझ्या जिभेवर काय आलं सांगू? "धुताना तर काही झालं नाही ना?" हेच. सतरा वर्षांनी, तेच वाक्य, तयार होतं अगदी. जित्याची खोड! मी ते तोंडातच गिळलं. कसंबसं म्हटलं, "हो. नाही ओढली. चूक माझी."

त्याने चपला काढल्या, आत आला आणि खुर्चीवर बसला. म्हणाला, "मग थांबलात कशाला? परत काढा. आणि आधी ओढा." लेन्स ओढली, फिरवली, घट्ट केली. त्यालाही ओढून बघायला लावली.

सोबत त्याने केलेली प्रिंट पाठवतेय. न्हाणीघरात काळा कपडा लावून केली आहे. डोळे बघ. पापण्या मोजता येतात. मी म्हटलं, जरा हसा की. तर म्हणाला, "ते अजून नाही."

माझे डोळे ठणठणीत आहेत, आणि खरं सांगू का, त्याचंच फार वाईट वाटतं. गेलेले असते तर निदान सबब तरी होती.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो आहे, राहील थोडा. उरलेला अर्धा आशीर्वादही अजून माझ्याकडेच आहे. पण भिंतीवर बारावी जागा तुझी ठेवली आहे. हातांनी काम करणाराच आहेस तू, आणि हात चुकतात तेही लोकांना दिसू दे. जूनमध्ये ये. येताना गोळ्याची नळी घेऊन ये, कडी बसवायचा मान वाघुळाला आहे, खिशातून काढून द्यायला तो तयार झालाय. पस्तीसची ठेवून घेते, अठ्ठावीसची लागणार नाही.

निवृत्त होईपर्यंत मी दुसऱ्यांच्या फोटोंखाली ओळी लिहिल्या. या फोटोखालची ओळ मात्र सहा दिवस जमत नव्हती. शेवटी अशी लिहिली: 'डार्करूममधला कारागीर. बोगद्याच्या फोटोत चूक लेन्सची होती, हे याने त्याच दिवशी सांगितलं होतं. फोटो काढणारीने ऐकलं नाही.' जुन्या संपादकांच्या मुलीला दाखवली. तिने वडिलांना फोन लावला, बराच वेळ बोलली आणि मग म्हणाली, लावू.

वाघुळाला वाचून दाखवली. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. कागद हातात घेऊन स्वतः एकदा वाचला. मग माझ्याकडे परत दिला आणि म्हणाला, "अक्षर जरा मोठं ठेवा."

आत्या